पोटरीचा घेर आणि बायचा नवस

डॉक्टरांनी माझ्या पोटाला हातच लावला नाही. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, पँट गुडघ्यापर्यंत वर करायला सांगितली आणि शिंप्याकडे असते तशी टेप माझ्या पोटरीभोवती गुंडाळली. मग जोर मोजायची, काटा असलेली एक लोखंडी मूठ हातात दिली आणि म्हणाले, जोरात दाबा. मी सगळा जोर लावून दाबली. काटा थोडासा हलला आणि थांबला.

मी आयुष्यभर मालवणात होड्यांची इंजिनं दुरुस्त केली. गंजलेले नट ह्या हातांनी फिरवले. त्यामुळे मूठच बिघडली असणार असं मला वाटलं, आणि मी तसं म्हणालोही. डॉक्टर हसले. त्यांनी तीच मूठ माझ्या बायकोच्या, सुमनच्या हातात दिली. तिचा काटा माझ्यापुढे गेला.

आम्ही गोव्याच्या इस्पितळात आलो होतो ते ऑपरेशनची तयारी करून. मोठ्या आतड्यात गाठ आहे, कॅन्सरची आहे, काढावी लागेल, हे कुडाळला आधीच कळलं होतं. ते ऐकून मी घाबरलो होतो, पण एव्हाना भीती पचवूनही झाली होती. पिशवीत लुंगी, टॉवेल, दात ठेवायची डबी, सगळं भरलेलं होतं. आणि समोरचे सर्जन म्हणत होते, आज ऑपरेशन नाही.

"गाठीची मला इतकी काळजी नाही," ते म्हणाले. "ती वेळेत सापडलीय. काळजी तुमची आहे. तुम्ही कुपोषित आहात."

कुपोषण म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर अंगणवाडीतला वजनकाटा यायचा. त्र्याहत्तर वर्षांचा, सकाळ-संध्याकाळ बांगडे खाऊन वाढलेला मालवणी माणूस कुपोषित असतो हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मला थोडा रागच आला.

पण डॉक्टर शांत होते. त्यांनी रिपोर्ट माझ्याकडे वळवला. अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं एक प्रथिन. ते माझं बरंच खाली होतं. ते नुसतं खाण्यामुळेच उतरतं असं नाही, आजारपणातही उतरतं, म्हणून त्या एका आकड्यावर ते विसंबत नाहीत. पण सोबत वजन उतरलेलं, पोटरीचा घेर कमी, मुठीत जोर नाही. ह्या सगळ्याला मिळून त्यांनी एक शब्द सांगितला, सार्कोपेनिया. म्हणजे स्नायू झिजणं. म्हाताऱ्या माणसाचं शरीर ऑपरेशनच्या वेळी जी शिल्लक वापरतं ती स्नायूंत असते. ती नसली तर टाके सुटतात, छातीत कफ साठतो, माणूस अंथरुणाला खिळतो. पुष्कळदा गाठ निघते, पण माणूस घरी जात नाही.

काही आठवडे मिळतील, ते म्हणाले. तेवढं गाठ थांबेल, त्याहून जास्त थांबवता येणार नाही. तेवढ्यात अंगावर काहीतरी चढवून या.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांच्यासाठी मी थोडा मागे जातो. कारण आमची चूक अगदी साधी होती, आणि आमच्याकडे ती घराघरांत होते.

वर्षभर माझं वजन उतरत होतं. मी ते पाहत होतो आणि खूश होतो. पट्ट्याला एक भोक पाडलं, मग दुसरं पाडलं. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत जायला लागलं. भेटणारे म्हणायचे, बरो बारीक झालंस, ह्या वयात हलकाच आसाक व्हया. मीही मान डोलवायचो. बंदरावरच्या घाटीवर, म्हणजे चढावर, दम लागायला लागला तेव्हा वय झालं म्हणालो. भूक कमी झाली तेव्हाही वयच झालं होतं. वयाच्या खात्यावर आपण काय काय टाकतो, त्याला सुमार नाही.

शेवटी हिमोग्लोबिन इतकं उतरलं की उभा राहिलो की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग तपासण्या झाल्या. कोलोनोस्कोपी म्हणजे मागच्या बाजूने नळी घालून आतडं आतून बघतात. आदल्या दिवशी पोट साफ करण्याचं जे औषध देतात ते मात्र शत्रूलाही देऊ नये. बायोप्सीचा, म्हणजे गाठीच्या तुकड्याच्या तपासणीचा रिपोर्ट आला आणि घरात सगळे जागच्या जागी बसले.

त्यातून पहिली उठली ती बाय.

बाय म्हणजे माझी थोरली बहीण. वय ऐंशीच्या पुढे. आई लवकर गेली, तेव्हा मी रांगत होतो. बायनेच मला वाढवलं. पुढे तिचं लग्न झालं, नवरा दोन पावसाळ्यांत गेला, ती परत आली ती आमचीच झाली. सुमन लग्न होऊन आली तेव्हा तिला सासू नव्हती, बाय होती, आणि बाय दोन सासवांना पुरून उरली असती. सुमनच तसं म्हणते, बायच्या देखतसुद्धा.

रिपोर्ट आला त्याच सकाळी बाय पायांत चपला सरकवून गावच्या देवळात गेली. देवासमोर उभी राहून तिने गाऱ्हाणं घातलं, म्हणजे आपलं म्हणणं देवाच्या कानावर घातलं. माझ्या भावाचं ऑपरेशन पार पडू दे, जखम भरू दे, तोवर तो निस्त्याला शिवणार नाही. निस्तं म्हणजे मासे. घरी येऊन तिने हे आम्हाला सांगितलं आणि प्रश्न मिटला.

बाहेरच्यांना ह्यात विशेष काय ते कळणार नाही. आमच्याकडे देवाला द्यायचं म्हणजे आपल्याला सर्वांत प्रिय ते द्यायचं. मला काय प्रिय आहे हे बायला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तिने देवाला उगाच काहीतरी किरकोळ कबूल केलं नव्हतं.

तेव्हापासून घरात मासे शिजणं बंद झालं, मला वास येऊन जीव जाऊ नये म्हणून. अंडंही बंद, कारण आजाऱ्याला अंडं बाधतं असं बायचं मत. डाळीने वात होतो. दुधाने कफ होतो. उरली पेज. सकाळी पेज, दुपारी पेज आणि लोणच्याची फोड, रात्री पेज जरा दाट. आजारी माणसाला पेज हे आमच्याकडे इतकं गृहीत आहे की त्यावर कोणी विचार करत नाही. सुमन उकड्या तांदळाची पेज इतक्या मायेने शिजवायची की नको म्हणणं पाप वाटावं.

म्हणजे गाठ मला आतून खात होती, आणि आम्ही तिघं मिळून तिला मदत करत होतो.

इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी हे सगळं सुमनच्या तोंडून ऐकून घेतलं. त्या गोव्याच्याच, ख्रिस्ती. सुमन अभिमानाने सांगत होती, पेज दिवसातून तीनदा देतो, एकदाही चुकवली नाही. बाई हसल्या नाहीत. पेजेचा काही दोष नाही, त्या म्हणाल्या, पण ती एकटी असते हा दोष. तिच्या सोबतीला रोज प्रथिनं हवीत, प्रत्येक जेवणात हवीत. अंडं, डाळ, दही, कुळीथ, मासे. आणि रोज थोडं चालायचं, खुर्चीतून हात न टेकता उठायचं-बसायचं, नाहीतर खाल्लेलं स्नायूंपर्यंत जात नाही.

मी नवसाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "आंगवण कोणें केल्या? तुमीं?"

आंगवण म्हणजे नवस. मी म्हटलं, नाही, बहिणीने.

"आमच्यांतय उपास आसतात," त्या म्हणाल्या. "पूण दुयेंत मनशाक सूट आसता."

दुयेंत म्हणजे आजारी. मग त्यांनी दुसरा कागद काढला आणि बिनमाशांचा तक्ताही लिहून दिला. नवस मोडायला लावणं त्यांच्या मनात नव्हतं. प्रथिनांच्या पावडरचा डबाही सांगितला.

घरी आलो आणि मी त्या बिनमाशांच्या तक्त्यावर प्रामाणिकपणे तुटून पडलो. अंड्याला बायची परवानगी मी भांडून मिळवली. पण गाठीने भूकच नेली होती. अंडं दोन घासांत नकोसं व्हायचं. डाळ नुसती बघून पोट भरायचं. आणि ती पावडर! दुधात कालवली की भिंतीला लावायच्या चुन्यासारखी दिसायची आणि चवही फार वेगळी नव्हती. मी नाक दाबून प्यायचो आणि निम्म्या वेळा परसात जाऊन ओकायचो. काट्यावर उभा राहिलो की काटा तिथेच.

एका सकाळी शेजारच्या घरात मुडदुशे शिजत होते. मुडदुशे हा मऊ, हलका मासा. बाळंतिणीला आणि आजाऱ्याला आमच्याकडे मुद्दाम देतात. तो वास आला आणि कित्येक महिन्यांनी माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी अक्षरशः पायरीवर बसून राहिलो. सुमनने ते पाहिलं. आत जाऊन ती बायला म्हणाली की आता हे पुरे झालं, उद्यापासून मी ह्यांना मासे घालणार.

बाय भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "घाल. पण मग तो ऑपरेशनच्या टेबलावरसून उठाचो नाय, ह्या ध्यानात ठेव."

तिला खरंच तसं वाटत होतं. मी तिच्या डोळ्यांत पाहिलं, तिथे हट्ट नव्हता, भीती होती. एक माणूस तिने लग्नानंतर दोन पावसाळ्यांत घालवला होता. दुसऱ्याच्या बाबतीत तिला धोका पत्करायचा नव्हता.

आता माझी बाजू सांगतो. मी देवभोळा नाही. इंजिन नारळ ठेवून चालू होत नाही हे मी हजार वेळा पाहिलंय. पण कोणीही नारळ न ठेवता होडी पाण्यात घातलेली मी पाहिली नाही, हेही खरं. बायच्या नकळत मासे खाऊन मी टेबलावर चढू शकलो असतो. पण ज्या बाईने मला वाढवलं ती इकडे मला मेलेला धरून बसली असती. तसं जाणं मला जमणार नव्हतं. आणि मासे न खाता गेलो तर डॉक्टरांच्या हिशेबाने परत येणं कठीण होतं.

मी बायला म्हटलं, तू देवाला शब्द दिलास ना? मग चल, देवालाच विचारू. कौल लावू.

कौल म्हणजे आमच्याकडचा शेवटचा शब्द. गुरव देवाच्या अंगाला ओले तांदूळ चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि विचारतो. उजव्या बाजूचे आधी पडले तर होकार, डाव्या बाजूचे पडले तर नकार. बाय लगेच तयार झाली. देवाला विचारायला ती कशाला घाबरेल?

रिक्षाने देवळात गेलो. गुरव माझ्याच वयाचा. मी त्याला बाजूला घेऊन सगळं खरं सांगितलं, आणि जरा हात सांभाळून चिकटव, असंही सुचवलं. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मागे सरकून बायच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

त्याने तांदूळ लावले. हात जोडून उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या भैनीन तुका जो शबुद दिलो, त्या शबदातसून तेका मोकळो कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

वाट पाहिली. समईची ज्योत हलत होती, तांदूळ काही हलत नव्हते. सुमनने माझा हात धरला होता. तिच्या मुठीचा जोर मला ठाऊक होताच, आता पुन्हा कळला. आणि मग कौल पडला. डावा.

सुमनने डोळे मिटले. मी मनातल्या मनात देवाची माफी मागितली, आणि मी देवभोळा नाही असं मघाशी लिहिलंय ते वाचून कोणी मला हसलं तरी चालेल.

मला वाटलं आता बाय म्हणणार, बघितलंस? पण ती पुढे सरकली. पदर सावरला. गुरवाला तिने हाताने बाजूला केलं आणि स्वतःच देवाशी बोलली.

"बा म्हाराजा, तेका सोड. तेच्या वाटणीचा माका बांध. तेची जखम भरासर मी निस्त्याक हात लावचंय नाय."

गुरवाने पुन्हा तांदूळ लावले. ह्या वेळी बायने "होय म्हाराजा" इतक्या जोरात म्हटलं की देवळाबाहेरचा कुत्रा उठून बसला. कौल उजवा पडला. पडताना मी पाहिला. कसा पडला, का पडला, ते मला विचारू नका.

त्याच दुपारी मुडदुशांची कढी, म्हणजे कालवण, झालं. मी दोन वेळा वाढून घेतलं. सुमन स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि परत येऊन म्हणाली, कांद्यामुळे. कढीत कांदा नव्हता.

त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते खाण्याचे. सकाळी पेज, पण सोबत अंडी. दुपारी मासा. संध्याकाळी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं किंवा दही. मासा पोटात गेला की पाठोपाठ बाकीचंही जायला लागलं, अगदी डाळसुद्धा. रक्तासाठी शिरेतून लोह दिलं गेलं. मी बंदरापर्यंत चालायला लागलो, आधी एकदा थांबून, मग न थांबता. खुर्चीतून हात न टेकता उठायला लागलो.

ऑपरेशनला निघायच्या सकाळी मी बायच्या पाया पडलो. खाली वाकल्यावर मला डॉक्टरांची एक युक्ती आठवली. टेप नसली तर, ते म्हणाले होते, दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून कडं करायचं आणि पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती धरायचं. कडं घट्ट बसलं, बोटं जुळलीच नाहीत तर छान. कडं सैल राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. मी तिच्या पोटरीभोवती कडं धरलं.

कडं इतकं सैल होतं की आत आणखी दोन बोटं मावली असती.

"काय करतंस रे?" बाय म्हणाली.

मी म्हटलं, काही नाही, पाया पडतोय. पण उठून सुमनला बाजूला घेतलं. माझ्या ताटावर लक्ष ठेवता ठेवता आम्ही ह्या बाईकडे पाहिलंच नव्हतं. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. माझ्या वाटणीचं तिने स्वतःला बांधून घेतलं होतं, आणि बांधून घ्यायला तिच्याकडे होतं काय? मी देवळातून नाचत घरी आलो होतो, ते आठवून मला कसंसंच झालं.

तो दुसरा, बिनमाशांचा कागद फ्रिजच्या वर पडून होता. सुमनने आपल्या भावजयीला आमच्या घरी राहायला बोलावलं आणि तो कागद तिच्या हातात दिला. बायला सांगितलं की हे नवसाचं जेवण आहे, चुकवायचं नाही. अंडं, कुळथाची पिठी, दही, मूग. आणि ती चुन्याची पावडर. बाय ती कडू औषधासारखी, देवाचं नाव घेऊन रोज प्यायली. एकदाही ओकली नाही. माझ्यावर वाया गेलेला डबा तिने संपवला.

इस्पितळात डॉक्टरांनी पुन्हा टेप लावली, पुन्हा मूठ दिली. अल्ब्युमिन थोडंच वर आलं होतं, ते इतक्यात फार चढत नाहीच, असं ते म्हणाले. पण वजन वाढलं होतं. मुठीचा काटा सुमनच्या पुढे गेला. मी तो तिला मुद्दाम दाखवला.

"आता करू," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कारण विचारलं, काय केलंत? मी म्हटलं, कौल लावला. ते बेळगावकडचे, त्यांना काही कळलं नाही. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही, ते आठवू नये अशीच सोय असते. नंतरचं आठवतं. नाकातली नळी, पोटावरची पट्टी, आणि दुसऱ्याच दिवशी नर्सने मला उभं केलं तो क्षण. पाय थरथरले, पण टिकले. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ माझ्याहून तरुण होते आणि त्यांची गाठ माझ्याहून लहान होती, पण त्यांना उठायला पुष्कळ दिवस लागले. त्यांच्या मुलाला मी पोटरीचं कडं शिकवलं.

पहिलं अन्न म्हणून इस्पितळाने मला काय दिलं असेल? पेज. मी हसलो तर टाके दुखले.

गाठीचा अंतिम रिपोर्ट चांगला आला. आजूबाजूच्या लसिकाग्रंथींत कॅन्सर पसरलेला नव्हता. आता ठरल्या वेळी तपासायला जातो. पुढे काय होईल ते डॉक्टर सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. पण एक सांगतो. आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसाचा पट्टा, घड्याळ, बांगड्या, पोटऱ्या बघत जा. वय झालं म्हणण्याआधी ताटात काय आहे ते बघा. आणि नवस बोलायचाच असेल तर आजाऱ्याच्या ताटातलं देऊ नका. देव चांगला आहे, तो दुसरं काहीतरी घेतो. शक्यतो दुसऱ्या म्हाताऱ्याच्या ताटातलंही देऊ नका.

टाके निघाले, जखम कोरडी झाली. डॉक्टर म्हणाले भरली. पण बायने स्वतः चष्मा लावून, खिडकीशी नेऊन बघितल्याशिवाय मानली नाही. मग देवळात नारळ ठेवून आली. त्या दिवशी बाजारातून मी स्वतः सुरमई आणली, मधल्या तुकड्यांची.

आम्ही तिघं जेवायला बसलो. सुमनने बायच्या पानात तुकडा वाढला. बायने तो पाहिला, आणि लहानपणापासून तिने माझ्या बाबतीत जे केलं तेच केलं. तुकडा उचलून माझ्या पानात टाकला. आई गेल्यानंतरच्या त्या घरात एकच तुकडा असायचा तेव्हाही हेच व्हायचं. मला तेव्हा वाटायचं बायला मासे आवडत नाहीत.

मी तो तुकडा परत तिच्या पानात ठेवला.

"बाय, तुझो तुकडो तू खा."

"माका कित्या रे? तुका ताकद व्हयी."

"माका आसा. तुझो तू खा. मी बघतलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मीही नजर हटवली नाही. मग तिने तुकडा मोडला आणि पहिला घास तोंडात घातला. बघता बघता तुकडा संपवला. काटेसुद्धा चोखून पानाच्या कडेला एका ओळीत लावले, आणि सुमनला म्हणाली, "आणिक आसा काय गो?"